शून्याखालचे आकडे

१४ जुलै रोजी आमच्या कंपनीने चार लाख बारा हजार सहाशे पन्नासचा चेक फाडला आणि एका नव्या चिपचे अडीच हजार नग विकत घेतले. त्या खरेदीच्या कागदावर तीन पुरवठादारांचे भाव होते, सगळ्यांत कमी भावाखाली लाल रेघ होती आणि रेघेखाली माझी सही होती. ‘जुन्या चिपशी समान आहे काय?’ या रकान्यात ‘होय’ लिहिलेले होते. ते पुरवठादारानेच लिहिले होते.

त्या रकान्याबद्दल आम्ही सॉफ्टवेअरच्या टेबलाचे मत मागवले होते. उत्तर आले, “थांबा, बघून सांगते.” सवलतीची मुदत शुक्रवारी संपत होती. आम्ही थांबलो नाही.

हे उत्तर ज्यांनी दिले त्या बाईंविषयी मी लिहीत आहे. कोणत्याही प्रश्नावर त्यांचा पहिला शब्द ‘थांबा’ असायचा, म्हणून सगळी कंपनी त्यांना पाठीमागे थांबाताई म्हणायची. पुढे तोंडावरही म्हणू लागली, आणि त्यांनी कधी नाक मुरडले नाही. वय सेहेचाळीस. अठरा वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे वायरी जोडायच्या बाकावर लागल्या. हातात पदवी नव्हती. भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर त्यांनी स्टोअरवाल्या अण्णांकडून मागून घेतला, त्यावर लिनक्स ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि जेवणाच्या सुट्टीत शिकत राहिल्या. सात वर्षांनी जुना इंजिनिअर सोडून गेला तेव्हा मालकांनी जाहिरात देण्याचा खर्च वाचवला आणि जिन्याखालचे ते टेबल ताईंना दिले. तेव्हापासून कंपनीचे सॉफ्टवेअर म्हणजे ते एक टेबल, दोन चष्मे आणि पाठकोऱ्या कागदांची चळत.

आम्ही औषधे थंड ठेवण्याच्या पेट्या बनवतो. प्रत्येक पेटीत एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो लिनक्सवर चालतो, आणि त्याच्यावर नखाएवढी एक चिप असते. आतले तापमान किती, वीज किती दाबाने येते, पंखा फिरतो की नाही, एवढेच बघणे हे तिचे काम. जुनी चिप बनवणाऱ्यांनी ती बंद केली होती, म्हणून नवी घेतली.

ऑगस्टमध्ये पहिला बोर्ड जोडून तयार झाला आणि घोडे अडले. लिनक्स त्या चिपला ओळखच दाखवेना.

“म्हणजे बिघडलेला माल दिला का?” मी विचारले.

“माल चांगला आहे, भाऊ. ड्रायव्हर नाही.” ताईंनी पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढले. “चिपच्या आत असे खण असतात. तापमान या खणात, वीज त्या खणात. कुठल्या खणात काय आहे आणि ते कसं वाचायचं, हे लिनक्सला सांगावं लागतं. ते सांगणारा कागद म्हणजे ड्रायव्हर.”

“मग जुन्या चिपचा कागद चालवा की. समान आहे असं लिहून दिलंय त्यांनी.”

“बाहेरून समान आहे. पाय तितकेच, माप तेच. आत सगळं घर हलवलंय.”

लाल रेघ माझी होती.

आता ताईंना ड्रायव्हर लिहून फक्त आमच्या पेट्यांत घालता आला असता, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्या वर्षी तीनशे पेट्यांची मोठी ऑर्डर आली होती. एका मोठ्या दवाखान्याच्या बऱ्याच शाखा होत्या, त्यांची. त्यांची अट अशी की पेट्यांतले लिनक्स पुढची दहा वर्षे तेच अद्ययावत करणार, त्यामुळे कोणाचा खासगी तुकडा त्यात नको; ड्रायव्हर जगभर सगळे जे लिनक्स उतरवून घेतात त्यातच असला पाहिजे. मुदत ३० नोव्हेंबर.

मालकांनी ताईंना केबिनमध्ये बोलावले. मी हिशेबाची फाईल घेऊन तिथेच उभा होतो.

“ताई, स्पष्ट बोललेलं बरं,” मालक म्हणाले. “ही ऑर्डर हातची गेली तर मी हा धंदा असा नाही करणार. बाहेरून तयार बोर्ड आणीन, त्याच्यासोबत सॉफ्टवेअर येतं. मग त्या टेबलाला काही काम उरत नाही.”

“टेबलाला की मला?”

“तुम्ही काय ते समजून घ्या.”

“थांबा,” ताई म्हणाल्या, “बघते.” मालकांना हसू आवरले नाही, पण ते शब्द त्यांनी मागे घेतले नाहीत. पदवी नसलेल्या सेहेचाळीस वर्षांच्या बाईला दुसरीकडे कोण टेबल देणार, हे केबिनमधल्या तिघांनाही माहीत होते. घरी वडील होते, बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, ऐकू कमी येणारे. दोघांचे घर एका पगारावर चालत होते.

लिनक्समध्ये काही घालायचे तर कुठे अर्ज करायचा नसतो, कुठल्या खिडकीवर फी भरायची नसते. लिहिलेले सगळे एका सार्वजनिक टपालयादीवर पाठवायचे. ती यादी कोणीही वाचू शकते. अशा चिपांचे ड्रायव्हर सांभाळणारा एक माणूस असतो, तो ओळ न् ओळ वाचतो, चुका काढतो आणि परत करतो. ताई त्याला राखणदार म्हणत. तो कुठल्या देशात राहतो, म्हातारा की तरुण, त्यांना ठाऊक नव्हते.

पहिल्याच पत्राला माशी शिंकली. कंपनीतून जाणाऱ्या प्रत्येक ई-मेलच्या तळाशी आमच्या वकिलांनी एक मजकूर आपोआप चिकटेल अशी सोय केलेली आहे : ‘हा मजकूर गोपनीय असून तो इतर कोणी वाचल्यास, छापल्यास अथवा वापरल्यास कारवाई करण्यात येईल.’ ताईंचा ड्रायव्हर तो शेपटा लावूनच जगभर गेला. राखणदाराचे उत्तर दोन ओळींचे होते. गोपनीय गोष्ट मी वाचू शकत नाही. वाचली असल्यास माफ करा.

ताईंनी ते मला वाचून दाखवले आणि आम्ही दोघे इतके हसलो की अण्णा स्टोअरमधून डोकावले.

“काय झालं? पगार वाढला की काय?”

“अण्णा, सगळ्या जगाला पत्र टाकलं आणि खाली लिहिलं, खबरदार वाचाल तर!”

वकिलांना तो मजकूर काढायला सांगितले तर त्यांनी संचालक मंडळाचा ठराव मागितला. शेवटी ताईंनी दुसरे पत्र स्वतःच्या घरच्या पत्त्यावरून पाठवले. त्यामुळे तळाशी जी सही लागते, म्हणजे हे काम मी केले आहे आणि ते देण्याचा मला हक्क आहे, ती कंपनीच्या पत्त्याशिवाय, नुसत्या त्यांच्या नावाने गेली. हक्काबद्दलची संमती मालकांकडून मीच लेखी आणून दिली. पूर्ण नाव लिहावे लागते. टोपणनाव चालत नाही. पगारपत्रक सोडले तर कंपनीत ते नाव मी दुसरीकडे कुठे पाहिले नव्हते.

दुसरी खेप परत आली, समासाच्या जागा चुकल्या म्हणून. तिसरी परत आली. वीज मोजण्याचा गुणक कुठून आणला ते लिहा म्हणून. रोज सकाळी अण्णा जिन्याजवळ थांबून विचारायचे, “काय ताई, गुरुजींनी वही तपासली का?” आणि ताई म्हणायच्या, “तपासली. परत लाल शाई.” पण त्या चिडलेल्या दिसत नव्हत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाची ओळ न् ओळ कोणी वाचली नव्हती. आम्ही फक्त पेटी चालते की नाही एवढेच विचारायचो.

ऑक्टोबरच्या मध्यावर, एका सोमवारी, चौथी खेप गेली. मंगळवारी राखणदाराचे उत्तर आले. आता बरे दिसते आहे, असे त्याने लिहिले होते. या फेरीसाठी, म्हणजे लिनक्सच्या येत्या आवृत्तीसाठी, मी नव्या गोष्टी रविवारपर्यंत घेईन. त्यानंतरच्या पुढच्या फेरीत, म्हणजे नऊ-दहा आठवड्यांनी. शेवटी एक प्रश्न होता : संपूर्ण पल्ल्यात तपासले असे तुम्ही म्हणता, तर शून्याखाली काय आकडे आले तेवढे लिहून पाठवा.

ताई तो कागद छापून माझ्या टेबलावर घेऊन आल्या. बसल्या नाहीत.

“भाऊ, हे वाक्य मी लिहिलंय.”

“कुठलं?”

“‘संपूर्ण पल्ल्यात तपासले, ठीक.’”

मला ते वाक्य ओळखीचे होते. कंपनीतल्या प्रत्येकाला आहे. तपासणीची गुलाबी चिठ्ठी असते, प्रत्येक पेटीला एक बांधली जाते, तिच्यावर हे वाक्य छापूनच येते; खाली फक्त सही करायची. वायरींच्या बाकावर असताना ताईंनी रोज चाळीस-चाळीस चिठ्ठ्यांवर सही केली होती. पत्राच्या शेवटी काय केले ते लिहायची वेळ आली, तेव्हा बोटांनी तेच वाक्य लिहिले.

“किती खाली तपासलंत?” मी विचारले.

“दोनपर्यंत. आपली चाचणीची पेटी त्याखाली जातच नाही. आपल्या पेट्या दोन ते आठमध्ये चालतात, म्हणून कोणाला कधी गरज पडली नाही.”

मालकांना कळवणे भाग होते. त्यांनी कागद वाचला, दिनदर्शिकेकडे पाहिले; पुढची फेरी ३० नोव्हेंबरच्या पलीकडे जात होती.

“म्हणजे याला फक्त आकडे हवेत ना?”

“हो.”

“मग द्या की. तुमच्याच सूत्रात घालून काढा. वजा पाच, वजा दहा. पाच मिनिटांचं काम.”

“ते काढलेले आकडे होतील. मोजलेले नाहीत.”

“अहो, फरक काय पडतो? तो काय इथे थर्मामीटर घेऊन येणार आहे?”

“थांबा...”

“आता नका थांबू, ताई! रविवार शेवटचा दिवस आहे. तुमच्याच पोटापाण्याचा प्रश्न आहे, मी माझं काय सांगतोय?”

ताई बाहेर आल्या. जिन्याखाली बसून त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चार आकडे खरोखर काढले; मी येता-जाता पाहिले. सुबक अक्षरात, रेघ मारून. मग तो कागद उलटा करून ठेवला. दुपारी त्यांनी जे पत्र पाठवले त्याची प्रत माझ्याकडे आहे. त्यात असे होते : ‘संपूर्ण पल्ल्यात तपासले हे माझे विधान खरे नव्हते. दोन अंशांखाली मी काहीही मोजलेले नाही. ते वाक्य मी सवयीने लिहिले. मोजून कळवते. तोपर्यंत ही खेप घेऊ नये.’ आणि खाली पूर्ण नाव.

जगातल्या कोणालाही ते वाचता येते. आजही येते.

राखणदाराने उत्तर दिले, “बरं. मोजल्यावर पाठवा.”

शून्याखाली नेणारी चाचणीखोली भाड्याने मिळते, पण मालकांनी त्यासाठी खर्च मंजूर केला नाही. “स्वतःच्या हाताने दार लावलंत, आता मी कुलूप उघडायला पैसे देऊ?” असे म्हणाले. ताईंच्या घरी मात्र एक आडवे फ्रीझर होते. आइस्क्रीम विकणाऱ्या कोणीतरी टाकून दिलेले त्यांच्या वडिलांनी दुरुस्त केले होते. अडचण थर्मामीटरची होती. प्रमाणपत्र असलेले थर्मामीटर कंपनीत एकच आहे आणि ते फाटकाबाहेर न्यायचे तर सोबत एक अधिकारी लागतो. शनिवारी कंपनी अर्धा दिवस असते. जेवण झाल्यावर थर्मामीटरची पेटी मांडीवर घेऊन मी ताईंबरोबर बसने गेलो.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. फ्रीझर स्वयंपाकाच्या ओट्याला चिकटून होते, त्याच्यावर इस्त्रीचे कपडे. वडील स्टुलावर बसून आमची वाटच बघत होते.

“हे कोण? डॉक्टर?” माझ्या हातातली पेटी बघून त्यांनी विचारले.

“बाबा, हे आमचे हिशेबनीस भाऊ!” ताई मोठ्याने म्हणाल्या.

“हिशेबनीस? फ्रीझरचा कसला हिशेब? वीज मी कमीच वापरतो!”

“थंडी मोजायचीय, बाबा!”

“मग मला विचारायचं ना, पोरी. तीस वर्षं शून्याखाली नोकरी केली मी. हात घालून सांगतो.”

“राखणदाराला तुमचा हात पाठवू का?”

“पाठव! प्रमाणपत्र नाही, एवढंच.”

बोर्ड आणि थर्मामीटरची सळई एकत्र बांधून फ्रीझरमध्ये ठेवली. वायरी झाकणाच्या फटीतून बाहेर काढून फट जुन्या टॉवेलने बुजवली. वडील कॉम्प्रेसरच्या अंगावर तळवा ठेवून बसले; आवाज येत नसला तरी त्यांना तो हाताला कळत होता. मी थर्मामीटर वाचायचे, ताईंनी पडद्यावरचा आकडा सांगायचा, आणि दोन्ही पेन्सिलीने समोरासमोर लिहायचे.

“अधिक चार.”

“अधिक चार.”

“अधिक दोन.”

“अधिक दोन.”

तासभर असे चालले. तंतोतंत जुळत होते. मला बरे वाटू लागले. मनात आले, तो उलटा ठेवलेला कागदही खरा निघणार, उगाच वनवास केला.

“अधिक पाव,” मी म्हणालो.

“अधिक पाव.”

“वजा पाव.”

ताईंनी पडद्याकडे वाकून पाहिले.

“वजा पाव, ताई. काय दिसतंय?”

“वजा पावणेदोन.”

वडिलांनी आमच्या तोंडांकडे पाहिले. “काय झालं? कॉम्प्रेसर तर छान चाललाय!”

ताईंनी दुसरा चष्मा लावला. आणखी दोन-तीन आकडे घेतले. एकही जुळेना, फक्त नेमके वजा एक आले तेव्हा जुळले. मग त्यांनी कागदावर लिहून मला दाखवले, बहुतेक स्वतःलाच दाखवत होत्या. चिप एका खणात पूर्ण अंश ठेवते आणि दुसऱ्यात वरचा अपूर्णांक. वजा पाव म्हणजे पहिल्या खणात वजा एक, दुसऱ्यात पाऊण. वजा एकात पाऊण मिळवायचा, म्हणजे उरतो वजा पाव. ताईंच्या ड्रायव्हरने शून्याखाली गेल्यावर तो पाऊण मिळवण्याऐवजी वजा केला होता. जमेची रक्कम नावे टाकली होती. शून्याच्या वर सगळे बरोबर, म्हणून कधी दिसले नाही.

“त्यांच्याकडे नियम काय आहे, भाऊ?” त्यांनी विचारले. “औषध किती खाली गेलं की फेकायचं?”

ऑर्डरचा कागद मला पाठ होता. “वजा अर्ध्याखाली.”

“म्हणजे वजा पाववर, चांगलं औषध, आपल्या पेटीने फेकायला लावलं असतं.” त्या पेन्सिलीकडे बघत होत्या. “मी काढलेले ते चार आकडे याच सूत्राने काढले होते. छान दिसत होते.”

वडिलांना सगळे ओरडून सांगावे लागले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग जेवायच्या आधी सुधार. पोट भरलं की माणूस चुकीशी जुळवून घेतो.”

एक ओळ बदलायची होती. बदलून पुन्हा वजा अठरापर्यंत मोजले, चाळीस नोंदी, सगळ्या जुळल्या. रात्री आठ वाजता पाचवी खेप गेली. तिच्यात कोणत्या तापमानापासून कोणत्या तापमानापर्यंत मोजले आणि कशाने, हे लिहिलेले होते. थर्मामीटरच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मी सांगितला.

रविवारी राखणदाराचे उत्तर आले. काम चांगले आहे. पण आकडेमोडीची ओळ बदलली असताना शेवटच्या दिवशी मी घेत नाही. चार लोकांना वाचू द्या. पुढच्या फेरीत घेईन.

ताईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. मी म्हणालो, विनंती तरी करून बघा, तुमची परिस्थिती सांगा. त्या म्हणाल्या, “त्याच्या जागी मी असते तर मीही थांबा म्हटलं असतं.”

पुढचे थोडक्यात सांगतो. ड्रायव्हर पुढच्या फेरीत घेतला गेला. राखणदाराने एक शब्द लिहिला, ‘घेतला’, आणि खाली ‘धन्यवाद’. खरेदीदारांनी ३० नोव्हेंबरची मुदत वाढवून दिली, पण तोवर त्यांनी एकशे ऐंशी पेट्या दुसरीकडून घेतल्या होत्या. आमच्या वाट्याला एकशे वीस राहिल्या. हे ठरले त्या दिवशी मालकांनी ताईंना पुन्हा केबिनमध्ये बोलावले.

“तुम्ही कळवलंच नसतं तर?” त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता. खरोखर जाणून घ्यायचे होते.

“तर तीनशे पेट्यांनी चूक सांगितलं असतं.”

“ते आपल्याला कोण विचारणार होतं, ताई?”

“विचारलं ना एकाने,” ताई म्हणाल्या.

पूर्ण ऑर्डर गेली नाही म्हणून पूर्ण टेबल गेले नाही. मालकांनी पुढच्या वर्षीच्या पेट्यांसाठी बाहेरचा बोर्ड घ्यायचे ठरवले आणि ताईंना आठवड्याचे तीन दिवस ठेवले, पगार त्या मानाने. तो हिशेब मीच काढला. उरलेल्या दिवशी त्या घरी बसून टपालयादीवर येणारे दुसऱ्यांचे ड्रायव्हर वाचतात. त्याचे कोणी काही देत नाही. गेल्या महिन्यात कुठल्याशा देशातल्या एका माणसाने लिहिले होते की सगळे तपासले आहे, आणि त्यांनी त्याला विचारले, कुठून कुठपर्यंत?

गुलाबी चिठ्ठी बदलावी असे मी मालकांना सुचवले. आधीचा छापील साठा संपल्यावर बघू म्हणाले. साठा सहा हजारांचा आहे. ताई त्यांच्या तीन दिवसांत ज्या पेट्या तपासतात, त्यांच्या चिठ्ठीवरचे वाक्य पेन्सिलीने खोडतात आणि दोन आकडे लिहितात. अण्णा कुरकुरतात, खोडलेली चिठ्ठी गिऱ्हाइकाला वाईट दिसते म्हणून, पण बांधतात.

ड्रायव्हर घेतल्यानंतर राखणदाराने विचारले होते की पुढे कोणी बदल केला तर तपासायला चिप बसवलेला एक बोर्ड त्याला मिळेल का. मालकांनी बोर्ड दिला. कुरिअरचे पैसे ताईंनी भरले आणि पावती त्यांच्या स्वतःच्या नावाने आली. कंपनीच्या नावाची पावती नसल्यामुळे नियमाप्रमाणे मला ते बिल मंजूर करता आले नाही. एक हजार तीनशे साठ. कंपनीकडून ते ताईंना येणे आहे.